खळ्यातले विमान

गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री हरिहरेश्वरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. एरवी तिच्या फोनवर ठरावीक बातम्या असतात. नारळ उतरवले, सुपारीला कोळेरोग लागला, सुट्टीच्या गर्दीने पाणी पुरेनासे झाले. त्या रात्री मात्र ती एकदम म्हणाली, "दादा, तुझ्या भाच्याने विमान बांधलंय. दिवाळीच्या आधी उडवणार म्हणतो. तू ये आणि त्याला समजाव."

मला आधी हसू आले. खेळण्यातले काहीतरी असेल, असे वाटले. "केवढं आहे?" मी विचारले.

"खळ्यात मावत नाही. शेपूट बाहेर आलंय, त्याच्यावर ताडपत्री घातलीय."

माझे हसू तिथेच थांबले. भावोजींना जाऊन आता बारा वर्षे झाली. घरात ती आणि हा एकुलता एक मुलगा. श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर तो मच्छीमारांच्या होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. हाताला गुण आहे, समुद्रात बंद पडलेले इंजिन तो नुसत्या आवाजावरून ओळखतो, असे बंदरावरचे लोक सांगतात. पण होडीचे इंजिन बंद पडले तर होडी निदान तरंगते तरी. विमानाचे तसे नाही, एवढे कळायला विमानशास्त्र शिकावे लागत नाही.

मी आयुष्यभर बँकेत काढली, त्यातली शेवटची पंधरा वर्षे हिशेब तपासण्यात. विमानाशी माझा संबंध मुलीकडे जाताना खिडकीची जागा मागण्यापुरता. तरीही भाच्याला चार गोष्टी सांगण्याचा मामाचा हक्क असतोच. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करीत दुपारी हरिहरेश्वरला उतरलो, तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता.

विमान खरेच होते. अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले पांढरे कापड, एकाच माणसाची बैठक, पुढे दोन सिलिंडरांचे इंजिन, पुढच्या बाजूला दोन चाके आणि शेपटीखाली एक छोटे चाक. पंख सुटे करून पडवीत भिंतीशी उभे केले होते, सुपारीच्या पोत्यांच्या शेजारी. परदेशातून नकाशांचा संच मागवून, रात्री आणि मासेमारी बंदीच्या महिन्यांत काम करीत त्याने ते चार वर्षांत इथवर आणले होते. काम इतके नेटके होते, की आलो होतो रागावायला आणि तोंडातून निघाले, "वा!"

बहिणीने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी अजून विसरलेलो नाही.

"हे खूळ आलं कुठून?" मी रात्री त्याला विचारले. तो म्हणाला, "निसर्गमधून, मामा."

निसर्ग म्हणजे ३ जून २०२० चे चक्रीवादळ. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यात ज्याने ते पाहिले त्याला त्याबद्दल सांगावे लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आमच्या बहिणीच्या घराचे पत्रे गेले. त्यातला एक, जो चढवायला चार माणसे लागली होती, तो दोन वाड्या ओलांडून पलीकडे पडला. सगळे गाव नुकसानीचा हिशेब करीत होते आणि हा मुलगा विचार करीत होता की वारा तर आडवा होता, मग पत्रा वर कसा गेला?

उत्तर त्याने शोधून काढले. छपरावरून जाणाऱ्या वाऱ्याचा वेग वाढतो, तिथला हवेचा दाब कमी होतो. घरातल्या हवेचा दाब मात्र तसाच असतो. म्हणजे वादळ छप्पर ढकलून नेत नाही, ते वरून ओढते आणि आतली हवा खालून रेटते. विमानाचा पंखही वरच्या बाजूला दाब कमी करतो आणि हवेला खाली लोटून स्वतः वर उचलला जातो. "ज्याने आपलं घर मोडलं त्याच्यावरच बसून बघायचं होतं," असे तो म्हणाला. यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.

त्या ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट घडली. तिचे कात्रण त्याने पडवीच्या खांबाला चिकटवून ठेवले होते, खाऱ्या हवेने ते पिवळे पडले होते. बातमी होती कॅप्टन अमोल यादव यांची. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर ज्यांनी सहा आसनांचे विमान बांधले, ते हे यादव. जेट एअरवेज या २०१९ मध्ये बंद पडलेल्या कंपनीत ते वैमानिक होते. वैमानिकाचे शिक्षण घेताना अमेरिकेत त्यांनी पाहिले, की तिथे हौशी माणसे घरी विमाने बांधतात. आपल्याकडे का नको, असे त्यांना वाटले. आधीचे प्रयत्न फसले होते, तरी एकत्र कुटुंबाचा पाठिंबा आणि त्याच कुटुंबाचा पैसा यांवर गच्चीवरचे विमान उभे राहिले. 'टीएसी ००३' हे त्याचे नाव. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' प्रदर्शन भरले, तेव्हा ते सुटे करून गच्चीवरून खाली आणले आणि तिथे पुन्हा जोडून लोकांना दाखवले.

बहुतेकांच्या लक्षात ही कहाणी एवढीच आहे: गच्चीवर विमान बांधले. माझ्यातल्या हिशेब तपासनिसाला मात्र पुढच्या तारखा महत्त्वाच्या वाटल्या. विमान लोकांनी पाहिले फेब्रुवारी २०१६ मध्ये. त्याची नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि 'व्हीटी-एनएमडी' ही अक्षरे मिळाली. उड्डाण करून पाहण्याचा परवाना मिळाला ऑक्टोबर २०१९ मध्ये. धुळ्याच्या धावपट्टीवर उड्डाण चाचणीचा पहिला टप्पा झाला ऑगस्ट २०२० मध्ये. म्हणजे सगळ्यांना तयार दिसणारे विमान हवेत जायला आणखी साडेचार वर्षे लागली.

"तेच सांगतोय मामा," भाचा म्हणाला. "त्यांच्यासारख्या वैमानिकाला एवढी वर्षं लागली, तर माझ्यासारख्याला कोण विचारणार? म्हणून ठरवलंय, कोणाला विचारायचंच नाही. श्रीवर्धनची पुळण लांब आहे. पहाटेच्या ओहोटीला ओली वाळू सिमेंटसारखी कडक असते. एक फेरी मारून उतरायचं."

त्याच्या आईला कशाची भीती वाटत होती ते मला आता नीट कळले. विमान बांधल्याचे तिला दुःख नव्हते. ते पूर्ण झाले, असे त्याला वाटू लागले होते, हे तिचे भय होते.

नोंदणी आणि परवाना नसलेले विमान आकाशात नेणे हा गुन्हा आहे. पूर्वी १९३४ चा विमान कायदा होता, १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला. हे सगळे मी त्याला सांगितले. पण कायद्याचा धाक एकोणतिसाव्या वर्षी फारसा चालत नाही. पुढचे आठ दिवस पाऊस थांबला नाही, विजेचा लपंडाव चालू होता आणि रोज संध्याकाळी पडवीत विमानावर चर्चा. शेजारचे निवृत्त गुरुजीही येऊन बसत.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी शिवकर बापूजी तळपद्यांचे नाव काढले. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ मध्ये, मुंबईच्या चौपाटीवर आपल्या माणसाने विमान उडवले, ही कथा मराठी घरांत पुष्कळांनी ऐकलेली असते. तळपदे हे खरेखुरे गृहस्थ, जे. जे. कलाशाळेत शिकवत, संस्कृताचा त्यांना नाद होता आणि विमानाचा ध्यास होता, हे खरे. पण ते उड्डाण झाल्याचा त्या काळातला विश्वासार्ह पुरावा मिळत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा या संदर्भात हमखास उल्लेख होतो, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. गुरुजींना हे ऐकून वाईट वाटले. मी म्हटले, "गुरुजी, तळपद्यांचा ध्यास खोटा नव्हता. पण त्यांची वही आपल्याकडे नाही. राइट बंधूंची आहे."

या वहीवरून मग राइट बंधूंकडे वळलो. सायकलींचे दुकान चालवणारे दोन भाऊ, कॉलेजची पदवी नाही, हे सगळ्यांना आवडते. पण १९०१ च्या अखेरीस त्यांनी लाकडी पेटीत पंखा लावून वायुबोगदा तयार केला आणि त्यात निरनिराळ्या आकाराचे सुमारे दोनशे छोटे पंख तपासून आकडे लिहून ठेवले, हे कमी लोकांना माहीत असते. १९०२ मध्ये इंजिन नसलेल्या ग्लायडरवर ते शेकडो वेळा टेकडीवरून तरंगले. मगच १७ डिसेंबर १९०३ ला इंजिन लावून उडाले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे, त्या दिवशीचे चौथे ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. त्यानंतर जोराच्या वाऱ्याने ते यंत्र उलटून मोडले आणि पुन्हा कधी उडाले नाही. म्हणजे उडायच्या आधी उडायला शिकून झाले होते आणि बांधायच्या आधी मोजून झाले होते.

भाचा ऐकत होता, पण त्याचे उत्तर तयार असे. "अमेरिकेत आजही लोक गॅरेजमध्ये विमानं बांधतात, मामा. हजारोंनी."

तेही खरे. १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांची संघटना काढली. दर उन्हाळ्यात ऑशकॉश गावी तिचा मेळावा भरतो आणि विमानांची अक्षरशः जत्रा लागते. घरगुती पद्धतीने केलेल्या कामाला कमी लेखू नये, हेही खरे. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी 'व्हॉयेजर' विमानातून कुठेही न उतरता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली. नऊ दिवस लागले. ते विमान कोणत्याही बड्या कारखान्यातले नव्हते, मोजाव्हेच्या वाळवंटातल्या एका शेडमध्ये थोड्या माणसांनी बांधलेले होते.

पण तिथेही नियम आहेत. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेले असावे लागते. पूर्ण झाल्यावर तपासणी होते. 'प्रायोगिक' अशी पाटी आत बसणाऱ्याला दिसेल अशी लावावी लागते. मग पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच उडायचे, प्रवासी न घेता. आणि हे नियम कोणी कचेरीत बसून हौसेने केलेले नाहीत. माणसे मेली, तेव्हा ते झाले.

त्याची एक गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली. आंरी मिन्ये नावाच्या फ्रेंच माणसाने १९३३ मध्ये एक चिमुकले विमान काढले. त्याच्या नावाचा अर्थ 'आकाशातली ऊ', इंग्रजीत लोकांनी त्याला 'उडती पिसू' म्हटले. खोका ठोकता येणाऱ्या कोणालाही हे बांधता येईल, असे मिन्येचे म्हणणे होते. त्याने पुस्तक लिहिले, फ्रान्स-इंग्लंडमध्ये लोक वेडे झाले, घरोघर पिसवा तयार होऊ लागल्या. आणि मग १९३५-३६ मध्ये एकामागून एक अपघात झाले. विमान नाक खाली घालून सरळ जमिनीवर येई.

दोष बांधणाऱ्यांचा नव्हता. त्या विमानाला पुढेमागे दोन पंख, अगदी जवळजवळ. नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले आणि ते वर आणायला वैमानिकाने दांडी ओढली, की दोन पंखांमधल्या फटीतली हवा मागच्या पंखाला आणखी उचलून धरी आणि नाक अधिकच खाली जाई. वर येण्यासाठी केलेली हालचालच खाली नेत होती. हे मोठ्या वायुबोगद्यात संपूर्ण विमान ठेवून तपासल्यावर कळले. मिन्येने पुढे आराखडा सुधारला, त्या जातीची विमाने नंतरही उडत राहिली. पण आधी गेलेली माणसे परत आली नाहीत. त्यांतल्या पुष्कळांचे काम तुझ्यासारखेच नेटके असेल, मी म्हटले. चूक दिसत नव्हती, म्हणून ती नव्हती असे नाही.

भाचा गप्प राहिला. मग म्हणाला, "माझा आराखडा तसा नाही. शेकडो लोकांनी बांधलेला आहे."

"बरं. मग त्याचा ताळेबंद दाखव."

"कसला ताळेबंद?"

"वजनाचा. कुठे किती वजन आहे, ते कुठल्या बिंदूवर तोललं जातं, लिहिलं असशीलच."

हे मी विमान कळत होते म्हणून विचारले नाही. नकाशांच्या संचातले शेवटचे पान कोरे होते. पानावर रकाने आखलेले होते आणि एकही भरलेला नव्हता. तपासनिसाचा डोळा कोऱ्या रकान्यावरच जातो. भाचा म्हणाला, "ते शेवटी करायचं असतं. सगळं नकाशाप्रमाणेच केलंय, थोडेफार बदल सोडले तर." थोडेफार हा शब्द ऐकला, की आमच्या धंद्यात आम्ही चष्मा पुसून घेतो.

दुसऱ्या दिवशी तीन वजनकाटे गोळा केले. एक बंदरावरचा मासळीचा, एक सुपारीच्या व्यापाऱ्याकडचा, एक वाण्याकडचा. आधी काट्यांचीच तपासणी केली. सिमेंटचे एकच पोते तिन्हींवर ठेवले, तर एक काटा दोन किलो कमी दाखवत होता. तो नीट करून घेतला. पंख जोडायला जागा हवी म्हणून पावसाच्या उघडिपीत विमान अंगणात आणले. शेपूट फळ्यांवर चढवून ते उडताना असेल तसे सपाट केले. तिन्ही चाकांखाली काटे ठेवले आणि भाचा बैठकीत बसला. बहीण ओटीवर उभी राहून पाहत होती.

डावे चाक ८८ किलो, उजवे ८७, शेपटीचे ३०. एकूण २०५.

पुढचा हिशेब सातवीतल्या मुलाला येईल असा. पंखाच्या पुढच्या कडेपासून प्रत्येक काटा किती लांब आहे ते मोजायचे, त्या अंतराने वजनाला गुणायचे, सगळे मिळवायचे आणि एकूण वजनाने भागायचे. पुढची चाके कडेपासून १० सेंटिमीटर मागे, शेपटीचे चाक ३९० सेंटिमीटर मागे. १७५ गुणिले १० म्हणजे १,७५०. ३० गुणिले ३९० म्हणजे ११,७००. बेरीज १३,४५०. भागिले २०५. उत्तर साडेपासष्टच्या किंचित वर.

नकाशात लिहिले होते: हा बिंदू ३८ ते ५० सेंटिमीटरच्या आत असावा.

त्याने पुन्हा मोजले. मी पुन्हा मोजले. गुरुजींनी पाटीवर मोजले. आकडा हलला नाही. विमान शेपटीकडे जड होते, आणि थोडेथोडके नव्हे.

कारण शोधायला वेळ लागला नाही. नकाशात शेपटीचे आधार हलक्या अॅल्युमिनियमचे दाखवले होते. याने खाऱ्या हवेत टिकावे म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे केले. शेपटीचे चाकही मजबूत हवे म्हणून भारी घेतले. दोन्ही मिळून सहा किलो जास्त. शिवाय पाय लांब करायला जागा हवी म्हणून बैठक मागे सरकवली होती. प्रत्येक बदलामागे शहाणपण होते. होडीवर यांतला एकही बदल चुकीचा ठरला नसता. पण जत्रेतल्या झोक्याच्या फळीवर अगदी टोकाला बसलेले लहान पोरसुद्धा मधे बसलेल्या मोठ्या माणसाला उचलते, तसे जवळजवळ चार मीटर लांबवरचे सहा किलो विमानाला भारी पडतात.

असे विमान वाळूवरून उचलले जाते तेव्हा नाक वर जाते, आणि जातच राहते. पंख हवेला फार तिरपा झाला की त्यावरची हवा सुटते, उचलणारा जोर संपतो आणि यंत्र पडते. नाक खाली आणण्याइतकी ताकद शेपटीत उरलेली नसते. तीस-चाळीस फुटांवर हे झाले तर सावरायला वेळही नसतो.

हे त्याला मी सांगितले नाही. त्यानेच मला सांगितले, अंगणात उकिडवा बसून, हातातल्या कागदाकडे पाहत. मग त्याने तो कागद घडी करून खिशात घातला, आणि आईकडे न बघता आत जाऊन पाणी प्यायला. त्या रात्री कोणी चर्चा केली नाही. बहिणीने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, त्या सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ल्या.

निघायच्या आदल्या दिवशी तो मला बाणकोटच्या खाडीकाठी बागमांडल्याला घेऊन गेला. तिथे त्याच्या ओळखीचा एक म्हातारा सुतार होडी बांधत होता. होडी मला पूर्ण झालेली दिसली. फळ्या बसल्या होत्या, आकार आला होता. म्हातारा मात्र एकेका सांध्यावरून बोट फिरवीत त्यात कापूस ठासत होता. "किती दिवस राहिले?" मी विचारले. "झालीच की," तो म्हणाला, "आता फक्त पाणी शिरू नये, एवढंच राहिलंय." आणि पुन्हा कामाला लागला.

परत येताना भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, यादवांची ती साडेचार वर्षं मी फुकट गेलेली धरत होतो."

सगळी फुकट गेली नाहीत, सगळीच कामाचीही नसतील. कागद टेबलांवर पडून राहतात, हे मी नोकरीत इतके पाहिले आहे की सरकारी दिरंगाईचे गोडवे मी गाणार नाही. घरी विमान बांधणाऱ्या माणसाला आपल्या देशात वाट सोपी व्हायला हवी, त्याला तपासून देणारा जाणकार जिल्ह्याच्या ठिकाणी भेटायला हवा. पण वाट सोपी करणे वेगळे आणि तपासणीच नको म्हणणे वेगळे. बांधणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, कारण ती करताना त्याच्याकडे चांगले कारण असते. ती दिसायला दुसरा डोळा लागतो, मग तो डीजीसीएच्या अधिकाऱ्याचा असो, की विमानातले ओ की ठो न कळणाऱ्या मामाचा.

मुंबईला परतल्यावर मी त्याला बँकेत वापरायचो तसली जाड पुठ्ठ्याची लांबट वही पाठवली. पहिल्या पानावर रकाने आखून दिले: तारीख, काय बदलले, वजन किती, कोणी पाहिले. शेवटचा रकाना कोरा ठेवायचा नाही, अशी अट घातली.

दसऱ्याला पुन्हा गेलो. शेपटीतले स्टील निघाले होते, जागी अॅल्युमिनियम आले होते, चाक हलके झाले होते. बैठक २५ सेंटिमीटर पुढे सरकली होती. आता पाय थोडे दुमडून बसावे लागते. तेच तीन काटे पुन्हा मागून आणले. एकूण वजन १९९ किलो, बिंदू ४७ सेंटिमीटरवर. नोंद वहीत केली, 'कोणी पाहिले' या रकान्यात गुरुजींनी ठसठशीत सही केली.

"आता झालं ना मग?" मी जरा भीतभीतच विचारले.

"नाही. पंखांवर वाळूची पोती ठेवून भार बघायचाय. इंजिन पन्नास तास जमिनीवर चालवायचंय. आणि मुख्य म्हणजे मला उडता येत नाही, मामा. हिवाळ्यात कामशेतला पॅराग्लायडिंग शिकायला जातोय. मग पैसे साठले की वैमानिकाकडे शिकेन. अर्जाचे कागदही काढलेत."

खंडेनवमीला बहिणीने हत्यारांची पूजा मांडली. पाने, ड्रिल, रिव्हेट मारायचे यंत्र आणि ती लांबट वही. ताडपत्री बाजूला सारून तिने विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. जिने मला ते उडू नये म्हणून बोलावून घेतले होते, ती दोन पावले मागे सरून, माळ सरळ आहे की नाही ते पाहत मुलाला म्हणाली, "सगळं नीट कर. घाई नाही. पण अर्धवट टाकू नकोस हं."

विमान अजून खळ्यातच आहे. वहीची चौदा पाने भरली आहेत.